मोडीतली हत्यारं

अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचामागे 12 आटे असतात. त्याच जाडीच्या अमेरिकी बोल्टला 13. बारा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचे आटे पावणेदोन मिलिमीटरच्या अंतरावर. तिन्ही एकाच घमेल्यात पडलेले असले तर डोळ्यांना ते सारखेच दिसतात. नट एक-दोन फेरे आत जातो, मग अडतो. माणूस जोर लावतो आणि बोल्टचे, नटाचे, दोघांचेही आटे जातात. जुनं सामान निवडत काय बसायचं, असं कुणी विचारलं की मी त्याच्यासमोर असं एक घमेलं ठेवतो आणि एक नट हातात देतो. निवडलेलं नाही तोवर ते सगळं लोखंडच, किलोच्या भावाचं. निवडून, ओळखून जागेवर ठेवलं की त्यातला प्रत्येक नग कुणाच्या तरी अडलेल्या कामाला लागतो.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडचा निदेशक होतो. मुलांच्या हातात पहिल्यांदा कानस देणं आणि लोखंडाचा ठोकळा गुण्याला लावून चारी बाजूंनी काटकोनात आणायला शिकवणं, यात माझी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत बाकडं टाकलं, शिकंजा बसवला आणि जुनी हत्यारं जमवायला लागलो. जमवणं हा शब्द मी नाइलाजाने वापरतो, कारण माझ्याकडे आलेली वस्तू पुढे जावी अशीच माझी इच्छा असते.

याची सुरुवात मामांच्या पेटीपासून झाली. माझे थोरले मामा लालबागला राहायचे आणि एका कापड गिरणीत मेंटेनन्स फिटर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधीच आत गेले नाहीत. मामा त्यांतलेच. त्यांची स्वतःची पत्र्याची पेटी मात्र घरी आली आणि पुढे कित्येक वर्षं चाळीतल्या खोलीत खाटेखाली राहिली. मामा गेल्यावर मामी म्हणाली, "बघ बाबा, तुझ्या उपयोगाचं असेल तर घेऊन जा. नाहीतर भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे."

पेटीत पाने होते, छिन्न्या होत्या, आतला-बाहेरचा व्यास घ्यायचे कॅलिपर होते, पितळी डोक्याचा एक हातोडा होता. प्रत्येक पान्यावर मामांच्या नावाची आद्याक्षरं अक्षरपंचने ठोकलेली. गिरणीतली यंत्रं बहुतेक विलायती, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून आलेली, त्यामुळे पाने सगळे व्हिटवर्थ मापाचे. हे माप आजच्या फिटरला चकवतं. मेट्रिक पान्यावर जो आकडा असतो तो पान्याच्या तोंडाचा. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा मात्र बोल्टच्या जाडीचा असतो. अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड प्रत्यक्षात 0.92 इंच, म्हणजे 23 मिलिमीटरच्या थोडं वर. मेट्रिकचा 23 तिथे बसत नाही, 24 सैल बसतो आणि नटाचे कोपरे खातो. शिवाय त्याच पान्याच्या तोंडाजवळ पुष्कळदा दोन-दोन मापं कोरलेली असतात, एक व्हिटवर्थचं आणि दुसरं ब्रिटिश बारीक आट्यांचं, कारण बारीक आट्यांच्या बोल्टचं डोकं एका मापाने लहान ठेवलेलं असे. हे माहीत नसलं की उत्तम पोलादाचा पाना 'कशालाच बसत नाही' म्हणून मोडीत जातो. मला याचं फार वाईट वाटतं. पान्यात काही बिघाड नसतो, फक्त त्याचं माप वाचणारा माणूस तिथे नसतो.

जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं प्रमाण मांडलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे आपापले होते. व्हिटवर्थ आट्याचा कोन 55 अंशांचा, अमेरिकी आणि मेट्रिक आट्यांचा 60 अंशांचा. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, पण कायदा झाला म्हणून उभी यंत्रं बदलत नाहीत. त्यामुळे आपल्या जुन्या वर्कशॉपांत इंच आणि मिलिमीटर शेजारी शेजारी नांदले आणि भंगारातही ते एकत्रच येतात. सर्वांत घातक जोडी पाव इंचाची आणि तीन अष्टमांशची. पाव इंचात व्हिटवर्थचे 20 आटे आणि अमेरिकी बोल्टचेही 20. तीन अष्टमांशमध्ये दोन्हींचे 16. कोन वेगळा असूनही नट सरळ आत जातो, कुणाला शंकाही येत नाही. पण आट्यांच्या बाजू एकमेकींना पूर्ण टेकलेल्या नसतात, आणि हादरे बसणाऱ्या जागी अशी जोडी भरवशाची नाही. म्हणून मी नुसता नट फिरवून पाहण्यावर थांबत नाही. आटे मोजायचं गेज लावतो आणि उजेडासमोर धरतो. गेजची पाती आणि आटे यांच्यामध्ये प्रकाशाची रेघ दिसली की माप चुकलं. गेज नसेल तर ओळखीचा बोल्ट अनोळखी बोल्टला शेजारी चिकटवून आट्यांत आटे बसवायचे आणि खिडकीकडे धरून बघायचं. मुलांना मी हेच शिकवत आलो. याला पैसे लागत नाहीत, फक्त ओळखीचे थोडे बोल्ट चिठ्ठी लावून वेगळे ठेवलेले असावे लागतात.

सामान तीन वाटांनी येतं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जमिनीवर पसरलेल्या पथाऱ्यांत अजूनही चांगली वस्तू सापडते, पण सकाळी लवकर जावं लागतं. दुसरी वाट पेठांमधल्या वाड्यांची. वाडा उतरवताना सागवानी खांब-तुळयांचा भाव आधीच ठरलेला असतो. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खिळे मात्र पोत्यात भरून वजनावर जातात. तिसरी वाट भोसरी-पिंपरीकडच्या लहान वर्कशॉपांची. मालक थकतो, मुलं दुसऱ्या धंद्यात गेलेली असतात, लेथ विकली जाते आणि तिच्या भोवतीचं सगळं, टॅप, डाय, रीमर, ड्रिल, पॅकिंगचे तुकडे, एका ट्रंकेत कोंबून दाराशी येतं. मला यांतली तिसरी वाट सर्वांत मोलाची वाटते. बाजारात सुटी वस्तू मिळते. वर्कशॉपच्या ट्रंकेत एका माणसाची काम करायची पद्धतच्या पद्धत मिळते. कुठल्या टॅपसोबत कुठलं ड्रिल बांधून ठेवलं आहे, कुठल्या पान्याचं तोंड मुद्दाम घासून बारीक केलं आहे, हे बघून तो काय करायचा ते कळतं. म्हणून अशी ट्रंक आली की रिकामी करण्याआधी मी तिचे फोटो काढून ठेवतो.

बाजारातला एक ओळखीचा विक्रेता मला नेहमी म्हणतो, "सर, पूर्ण लॉट घ्या ना, निवडत बसलात तर माझी दुपार जाईल." मी त्याला सांगतो, "भाऊ, तुम्ही तुमचं गिऱ्हाईक करा, मी कडेला बसतो." तो हसतो आणि बसायला पोतं देतो. त्याच्याकडून मी पुष्कळ शिकलो आहे. पितळ आणि पितळेचा मुलामा यांतला फरक तो नुसत्या वजनावरून सांगतो. मला लोहचुंबक लावावं लागतं.

घरी ताडपत्री पसरून सामान ओतलं की पहिला नियम: जे एकत्र आलं ते एकत्र राहील. स्टॅनले किंवा रेकॉर्डचा लोखंडी रंधा सापडला आणि त्याचे स्क्रू काढून स्क्रूंच्या डब्यात टाकले, तर तो रंधा पुन्हा उभा राहणं कठीण. स्टॅनलेच्या रंध्याच्या मुठीचा बोल्ट 12 नंबरचा, इंचाला 20 आटे. हे माप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. पातं खाली-वर करायच्या पितळी चाकाचे आटे तर डावे. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे डावे, दुहेरी ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट डावा, अ‍ॅसिटिलीनच्या जोडण्या डाव्या. असे उलट्या आट्यांचे नग मी लाल दोरा बांधून वेगळ्या डब्यात ठेवतो. ते सरळ आट्यांच्या डब्यात गेले की एक दिवस कुणीतरी त्यांना खराब समजून फेकून देणार.

दुसरा नियम मी माझ्या अनुभवाने ठरवला आहे आणि त्यावर माझे बऱ्याच जणांशी मतभेद आहेत. पुष्कळ लोक आकाराप्रमाणे लावतात, सगळे ड्रिल एकीकडे, सगळे टॅप एकीकडे. दिसायला ते फार नीट दिसतं. मी कामाप्रमाणे लावतो. आठ मिलिमीटरच्या टॅपला 6.8 चं ड्रिल लागतं, दहाच्या टॅपला साडेआठचं, सहाच्या टॅपला पाचाचं. तर टॅपची तिकडी, तिचं ड्रिल, त्या मापाचा नमुन्याचा बोल्ट आणि पान्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, हे सगळं एका ट्रेमध्ये. ट्रे उचलला की काम सुरू. ज्याला शोधाशोध करावी लागते तो शेवटी जवळ पडलेल्या चुकीच्या मापाने काम भागवतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

डब्यांसाठी श्रीखंडाचे डबे चालतात, औषधांच्या रुंद तोंडाच्या बाटल्या चालतात, बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे तर सर्वांत चांगले. नट-बोल्ट पारदर्शक बरणीत हवेत. आत काय आहे ते दिसलं पाहिजे.

मग खुणा वाचायच्या. विलायती हत्यारांवर बहुधा शेफील्डचं नाव असतं. मार्पल्सच्या पटाश्या, स्पिअर अँड जॅक्सनच्या करवती, मूर अँड राइटचे मायक्रोमीटर हे सगळे शेफील्डचे. खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि लष्कराची छावणी शेजारी असल्यामुळे पुण्याच्या बाजारात बाणाची खूण ठोकलेली हत्यारंही येतात. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. आपल्या हत्यारांत टापरियाची जुनी पक्कड आणि पाने पुष्कळ मिळतात. त्या कंपनीने 1969 मध्ये स्वीडिश सहकार्याने उत्पादन सुरू केलं, कारखाना नाशिकला. त्या पान्यांचं पोलाद आणि घडण पाहून मला वाटतं की आपण आपल्याच देशातल्या चांगल्या हत्यारांची पुरेशी दखल घेतलेली नाही. लोक शेफील्डचं नाव दिसलं की उचलतात आणि नाशिकचा पाना तसाच ठेवतात.

पण मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या मालकांच्या खुणा. कुणी आद्याक्षरं ठोकलेली असतात, कुणी कानशीने तीन रेघा ओढलेल्या, कुणी मुठीत खिळ्यांचा त्रिकोण बसवलेला. सामाईक वर्कशॉपमध्ये आपलं हत्यार ओळखू यावं म्हणून केलेली ही सोय. साफसफाई करताना मी या खुणांना हात लावत नाही. काही संग्राहक हत्यार आरशासारखं चकचकीत करतात आणि त्यात नाव, नंबर, खुणा सगळं घासून जातं. ते मला पटत नाही. गंज काढायचा, हत्यार काढायचं नाही.

गंज काढण्याच्या माझ्या पद्धती साध्या आहेत. आधी डिझेलमध्ये भिजवून ब्रशने मळ काढतो. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते मिळणं अवघड. वरवरचा गंज असेल तर लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून रात्रभर ठेवतो. सकाळी ब्रश मारला की काळा थर निघून येतो. त्यानंतर सोड्याच्या पाण्याने धुणं फार गरजेचं, नाहीतर उरलेलं आम्ल संध्याकाळपर्यंत नवा गंज आणतं. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू आम्लात घालायची नाही, मुलामाच विरघळतो. स्प्रिंगा आणि फार कडक पोलाद आम्लात जास्त वेळ ठेवायचं नाही, ते ठिसूळ होतं.

गंज खोल असेल आणि वस्तूवर बारीक अक्षरं असतील तर वीज वापरायची. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर 12 व्होल्टचा. ऋण टोक हत्याराला, धन टोक एखाद्या फालतू लोखंडी पट्टीला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. काही तासांत गंज सैल होतो आणि चांगलं लोखंड तसंच राहतं. ही बादली उघड्यावरच ठेवायची, कारण हायड्रोजन वायू निघतो. धन टोकाला स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीही लावू नये. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. यूट्यूबवर पाहून आलेली मुलं हमखास स्टीलचा चमचा घेऊन येतात, कारण तो खराब होत नाही. त्यांना मी आधी हे सांगतो, मग बाकीचं.

वाड्याच्या लोखंडावर जुना लाल रंग असेल तर मी तो कोरडा घासत नाही आणि पेटवतही नाही. पूर्वी गंज थांबवायला शेंदूर तेलात कालवून लावत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. त्याची धूळ श्वासात जायला नको. ओला करून खरवडायचा, निघालेला रंग पिशवीत बांधायचा, हात साबणाने धुवायचे. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात करायचंच नाही.

पोलाद ओळखायला कानस पुरते. कडक पोलादावरून कानस घसरते, मऊ लोखंडात रुतते. ग्राइंडरवर ठिणगी बघितली तर आणखी कळतं. जुन्या घडीव लोखंडाची ठिणगी लांब आणि सरळ जाते, जास्त कार्बन असलेल्या पोलादाची ठिणगी टोकाला फुटून फांद्या काढते. जुन्या पटाशीचं किंवा रंध्याचं पातं कित्येकदा दोन थरांचं असतं. धारेच्या बाजूला पोलादाची पातळ पट्टी आणि मागे मऊ लोखंड, दोन्ही भट्टीत तापवून एकजीव केलेलं. पोलाद महाग होतं त्या काळातली ही काटकसर, आणि धार लावायलाही सोपी, कारण दगडावर कडक भाग थोडाच घासावा लागतो. असं पातं वेगवान ग्राइंडरवर धरलं की मिनिटाच्या आत धारेला निळा रंग चढतो. साधारण 300 अंशांची ही खूण, आणि तिथून पुढे पाणी उतरलं म्हणून समजायचं. फिकट पिवळ्यावर थांबलं तर ठीक. म्हणून मी जुनी पाती हाताने, दगडावरच घासतो. वेळ लागतो. तो द्यायला हवा.

झिजलेली कानस टाकायची नाही. तिच्यात भरपूर कार्बन असतो आणि लोहार तिची पटाशी, कोरणी, चाकू करून देतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून कोयते होतात, ते तर गावोगाव दिसतात. घिसाडी कुटुंबं रस्त्याच्या कडेला भाता लावून हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. भंगारातून नवं हत्यार काढण्याची विद्या त्यांच्याइतकी मी कुठल्याही वर्कशॉपमध्ये पाहिलेली नाही. माझ्याकडच्या मोडक्या कानशी मी त्यांच्यासाठीच बाजूला काढतो.

हातोड्यांबद्दल एका तांबट काकांनी मला जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम चालतं. भांड्याच्या अंगावर एकाला एक लागून ठोके उमटवत जायचे, त्याने पत्रा कडक होतो आणि चमकतो. त्या हातोड्याच्या तोंडावर नखाएवढा जरी ओरखडा असला तर तो प्रत्येक ठोक्यासोबत तांब्यावर उमटतो. मी एक जुना मठाराचा हातोडा घेऊन काकांकडे गेलो होतो. त्यांनी तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे तोंड कुणाचं तरी जपलेलं आहे. याला मशीन लावू नका. बारीक पेपर, तेल आणि चामडं, बस्स." तेव्हापासून मठाराचे हातोडे मी तोंडाला चामड्याची टोपी घालून ठेवतो. तेलाचा हात मात्र अधूनमधून द्यावा लागतो, चामडं ओलावा धरतं.

खिळे ठोकायच्या हातोड्याला इतकं जपावं लागत नाही, पण छिन्नीला लागतं. ठोके खाऊन छिन्नीचं डोकं कडेने पसरतं. ही पसरलेली कड ठोक्याने तुटून गोळीसारखी उडते आणि डोळा घेते. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक छिन्नीचं डोकं आधी ग्राइंडरवर उतरतं, मगच ती फळीवर जाते. यात सूट नाही.

दांड्यांसाठी बाभूळ, धावडा, तिवस. कुऱ्हाडीला, घणाला धावड्यासारखा दांडा नाही, तो लवतो पण तुटत नाही. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला सरळ असाव्यात, मध्येच कडेला फुटलेल्या नसाव्यात. पाचर बसवल्यावर जवसाचं तेल पातळ हाताने, थांबून थांबून लावायचं. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि फडकी आपोआप पेट घेतात. ती पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून टाकायची.

वाड्याच्या लोखंडाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. हाताने घडवलेला जुना खिळा चौकोनी असतो, टोकाकडे निमुळता, डोकं घणाने बसवलेलं, त्यामुळे दोन खिळे तंतोतंत सारखे मिळत नाहीत. गोल तारेचे खिळे हा कारखान्याचा माल, नंतरचा. वाकडा चौकोनी खिळा थंड असताना सरळ करायला गेलं तर तुटू शकतो, थोडा तापवून सावकाश करावा. जुन्या स्क्रूला डोक्यावर एकच सरळ खाच असते. चौफुली खाचेच्या स्क्रूचं पेटंट 1936 चं, आपल्या बाजारात ती त्याहून बरीच उशिरा रुळली. त्यामुळे जुन्या दाराची डागडुजी करणाऱ्याला सरळ खाचेचे पितळी स्क्रू हवे असतात आणि नव्या दुकानांत ते सहज मिळत नाहीत. सारख्या मापाचे असे स्क्रू मी डझनाच्या पुड्या बांधून ठेवतो. बिजागऱ्या जोडीनेच ठेवायच्या, तारेने एकमेकींना बांधून. एकेकटी बिजागरी कुणालाच नको असते.

केळकर संग्रहालयात गेलो की मी कुलपांसमोर, अडकित्त्यांसमोर, दिव्यांसमोर बराच वेळ थांबतो. दिनकर केळकरांनी घरोघर फिरून रोजच्या वापरातल्या या वस्तू गोळा केल्या आणि 1975 मध्ये सगळा संग्रह सरकारला दिला. एका माणसाच्या चिकाटीने केवढं काम होतं ते तिथे दिसतं. तिथल्या अडकित्त्याच्या नक्षीतली एकेक रेघ बघताना माझ्या मनात येतं ते ती रेघ काढणाऱ्या छिन्नीचं. ती किती बारीक असेल, तिला धार कशी दिली असेल, आणि तो कारागीर गेल्यावर ती कुठे गेली असेल. वस्तू देवघरात, बैठकीत राहते. ती घडवणारं हत्यार घराच्या मागच्या दाराने भंगारात जातं. म्हणून मी नक्षीकामाची छोटी हत्यारं कधी सोडत नाही, मोडकी असली तरी.

पावसाळा हा खरा शत्रू. पुण्यात निदान ऊन मध्ये मध्ये येतं, कोकणात माझ्या एका मित्राकडे जून ते सप्टेंबर पान्यांवर बुरशी आणि गंज एकदमच चढतात. मे महिन्यातच सगळ्या उघड्या पात्यांवर मशीनचं तेल पुसून घ्यायचं. हत्यारं वर्तमानपत्रात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवायची नाहीत, दोन्ही दमट होतात आणि दमटपणा सोडत नाहीत. पत्र्याची पेटी जमिनीवर थेट टेकवायची नाही, खाली फळ्या द्यायच्या. जुने फिटर पेटीत कापराच्या वड्या ठेवत, मामाही ठेवायचे. मी आजही ठेवतो आणि संपल्या की नव्या घालतो. मोजमापाच्या हत्यारांना घामाचा हात लागला तर बोटांचे ठसे गंजाने उमटतात, म्हणून मायक्रोमीटर वापरल्यावर मऊ कापडाने पुसून, तोंडाचे दोन्ही भाग एकमेकांना न टेकवता, किंचित उघडे ठेवूनच डबीत ठेवायचे.

हे सगळं कुणासाठी, तर मागायला येणाऱ्यांसाठी. दाराजवळ एक वही आहे. नाव, हत्यार, तारीख, परत आल्याची सही. शिरूरकडून एक शेतकरी आला होता. त्याच्या आजोबांचं लिस्टरचं तेल इंजिन अजून चालतं, पण हेडचे नट खोलायला पाना नव्हता आणि पाईप पान्याने नटांचे कोपरे गोल व्हायला लागले होते. मामांच्या पेटीतला पाना त्याला नीट बसला. काम झाल्यावर पाना परत करायला आला तेव्हा भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला. एक मिस्त्री दर दिवाळीआधी सागवानी दरवाजांच्या कामाला जुना लाकडी रंधा नेतात. आमच्या संस्थेत आता फिटर ट्रेडला मुलीही येतात. त्यांतली एक सुट्टीत माझ्याकडे येऊन आटे ओळखायला बसते. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, बारीक आटा ती गेज न लावता नखावरून सांगते आणि मग गेज लावून खात्री करते. मला हे फार आवडतं.

जे मागतात त्या सगळ्यांना मी देतो असं नाही. हॉटेलाच्या भिंतीवर लावायला करवती आणि रंधे हवेत म्हणून फोन येतात, पैसेही चांगले सांगतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्याची धार लागत नाही, ज्याचं लाकूड किड्यांनी खाल्लं आहे, असं काही असेल तर न्या. धार धरणारं हत्यार भिंतीवर खिळून ठेवायला मी देणार नाही.

वय झालं, त्यामुळे पुढचंही बघायला हवं. प्रत्येक ट्रेवर आता मी छापील चिठ्ठी चिकटवतो आहे: काय आहे, कशासाठी आहे, जोडीला काय लागतं. मी नसताना दुसऱ्या माणसाने ट्रे उचलून काम करावं इतकी ती स्पष्ट हवी, म्हणून त्या मुलीला वाचायला देतो आणि तिला जिथे अडतं तिथे पुन्हा लिहितो. आट्यांचे ट्रे आणि व्हिटवर्थचे पाने भोसरीला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये जातील, त्याने फळी करून ठेवली आहे. सुतारकामाचं सगळं दिवाळीआधी येणाऱ्या त्या मिस्त्रींकडे. त्यांचा मुलगा त्याच कामात आहे. वाड्यांचं लोखंड एका वास्तुविशारद बाई नेणार आहेत, त्या जुन्या घरांची दुरुस्ती करतात आणि मापं घेऊन गेल्या आहेत. मोजमापाच्या पेटीचं अजून ठरायचं आहे. मायक्रोमीटर चांगल्या स्थितीत आहेत, पण त्यांना वर्षातून एकदा प्रमाण ठोकळ्यांवर तपासून घेणारा माणूस हवा. दोघांशी बोलणं चालू आहे.